एका रुपयामागे किती? बडोद्याच्या एका संस्थेचं प्रकरण

बडोद्याच्या जुन्या भागात एक छोटी संस्था संध्याकाळची अभ्यासकेंद्रं चालवते. कुठे देवळाची ओसरी, कुठे सोसायटीचा हॉल, तर कुठे कुणाच्या घरातली पुढची खोली, हीच केंद्रं. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतली तिसरी ते पाचवीची मुलं तिथे येतात. रोज दोन तास वाचन आणि गणित. शिकवणाऱ्या मुली वस्तीतल्याच, बारावी झालेल्या. मुलं त्यांना 'दीदी' म्हणतात. संस्था चालवणाऱ्या बाई दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांना सगळे ताई म्हणतात. पैसे देणाऱ्या कंपनीचे गुजराती साहेब तर 'ताईबेन' म्हणतात.

कंपनीने तीन वर्षं सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चातून, या केंद्रांना पैसे दिले. चौथ्या वर्षापासूनचा नवा करार करायच्या आधी ताईंना मेल आला: एसआरओआय काढून द्या. म्हणजे सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट. आम्ही घातलेल्या एका रुपयामागे समाजाला किती रुपये परत मिळाले, ते स्वतंत्र सल्लागाराकडून लिहून आणा. त्यासाठी मला बोलावलं. मी सामाजिक संशोधनाच्या पद्धती शिकवतो आणि शिकवण्यातून उरलेल्या वेळात संस्थांच्या कामाचं मूल्यमापन करतो. फी कंपनी देणार, आणि माझ्या अहवालावर ताईंचं पुढचं वर्ष अवलंबून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण 'स्वतंत्र सल्लागार' हा शब्द वाचकाने जरा जपूनच घ्यावा. संस्थेचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

काम घेताना मी एकच अट घातली: अहवाल दोघांनाही एकाच दिवशी, एकाच रूपात मिळेल. मसुदा आधी कंपनीला, मग 'काही किरकोळ बदल', मग संस्थेला, ही वाट या धंद्यात फार वहिवाटीची आहे.

कायदा काय मागतो

पहिल्या बैठकीत मी नियम काढून ठेवले. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. २२ जानेवारी २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांनी प्रभाव मूल्यमापन सक्तीचं केलं, पण सगळ्यांना नाही. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिलाच ते लागू. तेही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांना, आणि प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालं असेल तरच. मूल्यमापनाचा खर्च सीएसआरमध्ये धरता येतो. २०२२ च्या दुरुस्तीपासून त्याची मर्यादा त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यातली जी रक्कम जास्त ती.

ताईंच्या प्रकल्पाचा खर्च कोटीच्या आसपासही नव्हता. शिवाय तो चालूच होता. म्हणजे कायद्याने या मूल्यमापनाची गरजच नव्हती.

साहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "कायद्याला नको असेल सर, पण बोर्डाला हवंय," ते म्हणाले. दुसऱ्या कुठल्या तरी प्रकल्पाच्या सादरीकरणात 'एकास सात' असा आकडा आला होता. त्यानंतर अध्यक्षांनी प्रत्येक प्रकल्पाला तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली. खरी मागणी ही होती: स्लाइडवर टाकता येईल असा एक आकडा. साहेबांना यात मी दोष देत नाही. त्यांच्या हाताखाली वृक्षारोपण, डोळ्यांचं शिबिर आणि अभ्यासकेंद्रं अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली कामं होती, आणि ती एका रांगेत मांडायचं दुसरं साधन कुणी त्यांना दिलंच नव्हतं.

एसआरओआयची पद्धत १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत जेड इमर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजगार देणाऱ्या सामाजिक उद्योगांसाठी मांडली. माणसाला नोकरी लागते, पगार मिळतो, सरकारी मदतीवरचा खर्च वाचतो. तिथे रुपया किंवा डॉलर खरोखर मोजता येतो. तिसरीतल्या मुलाला उतारा वाचता आला, याचे रुपये कसे करायचे? तो मोठा होऊन किती जास्त कमवेल, हे धरायचं, आणि ते आजच्या किमतीत आणायचं. मग त्यातून दोन वजावटी: केंद्र नसतं तरी आपोआप झालं असतं तेवढं वजा, आणि शाळा, आईबाप, शेजारची शिकवणी यांचा वाटा वजा.

मी लॅपटॉप साहेबांकडे वळवला आणि एक्सेलमध्ये एक कल्पित हिशोब मांडला. समजा खर्च १० लाख, कागदावरचा एकूण लाभ ६० लाख. 'आपोआप झालं असतं' याला २० टक्के दिले आणि उरलेल्यातलं ८० टक्के श्रेय आपलं धरलं, तर लाभ उरतो ३८.४ लाख, गुणोत्तर ३.८४. आता दोन्ही ठिकाणी ५० टक्के लिहा. लाभ १५ लाख, गुणोत्तर दीड. त्या दोन चौकोनांत काय लिहायचं हे ठरवायला आपल्याकडे पुरावा कुठला? काहीच नाही. साहेबांनी स्वतः माउस घेऊन आकडे खालीवर करून पाहिले. इंजिनियर माणूस, त्यांना ते चटकन कळलं. बोर्डाला कसं कळवायचं, हा त्यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

बडोद्याचाच आकडा

दुसऱ्या बैठकीला साहेब तयारी करून आले. "सर, आपल्याच शहरात झालेला अभ्यास आहे. नोबेल मिळालंय त्या लोकांना. तोच आकडा वापरू."

सूचना टाकाऊ नव्हती. उलट या प्रकरणाची दिशा तिनेच बदलली.

बडोद्याला सर्वेक्षण नवं नाही. विक्रम साराभाईंनी १९६० साली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप इथेच काढला. देशभरच्या कुटुंबनियोजनाच्या पाहण्यांचं मोठं काम या संस्थेने केलं. आणि ज्या अभ्यासाबद्दल साहेब बोलत होते, तो तर जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे. 'प्रथम' संस्थेने बडोद्याच्या आणि मुंबईच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना ती शाळेच्याच वेळात रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी त्याचा परिणाम मोजला. निबंध २००७ मध्ये छापून आला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगपद्धतीबद्दल.

त्यांची मांडणी हुशारीची होती. एकाही शाळेला कोरडं ठेवलं नाही. निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली, निम्म्यांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. मग एका गटातल्या बालसखी मिळालेल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या न मिळालेल्या तिसरीशी. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले (प्रमाण विचलन म्हणजे मुलामुलांच्या गुणांत किती तफावत आहे त्याचं माप), आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. बडोद्यातच संगणकावर गणिताचे खेळ देण्याचा जोडप्रयोगही झाला. त्यात गणितात ०.४७. साहेबांनी इथवरच वाचलं होतं. पुढचं वाक्य असं आहे की कार्यक्रम संपून एक वर्ष झाल्यावर ज्यांच्यासाठी तो होता त्या मुलांमधला फायदा टिकून होता खरा, पण ओसरून ०.१० च्या आसपास आला होता.

ताईंना मी विचारलं, तुमची केंद्रं आणि बालसखी यांत फरक काय? त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं: "ते शाळेच्या वेळात होतं. मुलं आधीच बसलेली. आमच्याकडे मूल खेळ सोडून यायला हवं. आणि नवरात्रात तर कोणीच येत नाही, दीदीसुद्धा गरब्याला."

सगळं त्यात आलं. शहर तेच, शाळा त्याच, शिकवणारी मुलगीही तशीच. पण ज्या गोष्टीमुळे तिथे परिणाम झाला, ती गोष्ट ताईंच्या केंद्रांत रोज घडते का, हे माहीत असल्याशिवाय ०.२८ उसना घेता येत नाही. म्हणून मी प्रस्ताव मांडला: परिणाम पुन्हा मोजायचा नाही. पद्धत चालते याचा पुरावा जगाकडे आहे. आपण मोजायचं ते एवढंच, की ती पद्धत इथे प्रत्यक्षात होते का.

माझ्यातल्या प्राध्यापकाला हे सोपं गेलं नाही, हेही सांगतो. दोन केंद्रांत जागांपेक्षा मुलं जास्त होती, प्रतीक्षायादी होती. कुणाला जागा मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं आणि मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना केली असती, तर सुंदर प्रयोग झाला असता, निबंध झाला असता, पदोन्नतीच्या अर्जात एक ओळ वाढली असती. पण कागदावर हिशोब केला. ०.२८ एवढा फरक नेहमीच्या कसोटीवर, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची जोखीम ५ टक्के आणि असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के धरून पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे २०० मुलं लागतात. दोन्ही मिळून ४००. फरक ०.१० असेल तर प्रत्येक गटात १,५६८. हे मूल मूल वेगळं निवडलं तर. केंद्रच्या केंद्र निवडलं की आकडा आणखी फुगतो. ताईंच्या सगळ्या केंद्रांत मिळून इतकी मुलं नव्हतीच. प्रयोग केला असता आणि 'फरक आढळला नाही' असं आलं असतं, तर त्याचा अर्थ 'काम वाया' असा लागला असता. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की चाळणी मोठ्या भोकांची होती.

नोंदवह्या आणि उतारा

आता केंद्रांवर काय दिसलं ते.

हजेरीच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या. एकीत पूर्ण महिना एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकसारख्या 'हा'नी भरलेला. दुसरीत निळं, काळं, मध्येच पेन्सिल, एका रविवारच्या चौकोनात चुकून हजेरी आणि ती खोडलेली, समासात कुणाच्या तरी आईचा मोबाइल नंबर. पहिली वही दिसायला सुबक होती आणि मासिक अहवालात त्याच केंद्राचं कौतुक व्हायचं. दुसरी वही खरी होती. हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. पाहण्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या कुठल्याही जुन्या सुपरवायझरला विचारा.

मग वाचनाची चाचणी. संस्था 'असर'च्या धर्तीवरची चाचणी घेते: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. 'असर' ही ग्रामीण भागातली घरोघरची पाहणी २००५ पासून होते आणि तिची चाचणी मुद्दाम साधी ठेवलेली आहे. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. मी एका केंद्रात कोपऱ्यात बसून पाहत होतो. चौथीतली एक मुलगी समोर आली. दीदीने गुजराती उताऱ्याचा कागद पुढे केला. मुलीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणायला लागली. बोट दुसऱ्या ओळीवर होतं तेव्हा तोंड चौथ्या ओळीवर पोचलं होतं. कागद संपायच्या आधी ती मोकळी झाली आणि दीदीकडे पाहून हसली. मी त्याच पातळीचा दुसरा उतारा दिला. पहिल्या शब्दाची फोड करायलाच तिला वेळ लागला, मग दीदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दीदीने फॉर्मवर आधीच 'उतारा' या रकान्यात टिक केली होती.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. कागद एकच, तोच दोन वर्षं. दीदी तो सरावालाही वापरायची, कारण तिच्याकडे दुसरा होताच कुठे! आणि शिकवणारीच परीक्षक, तिच्याच केंद्राच्या नावापुढे आकडा लागणार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे की निर्णयासाठी एखादा आकडा जितका वापराल तितका तो बिघडण्याचा दबाव वाढतो. देवळाच्या ओसरीवर ते इतक्या निरागसपणे घडतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वहीत नव्हतीच. जूनची यादी आणि मार्चची यादी एकमेकींसमोर ठेवल्या तेव्हा कळलं की मधे मुलं गळत होती. कुणी गावी परतलेलं, कुणाचे आईबाप दुसऱ्या साइटवर गेलेले, कुणी नुसतंच यायचं थांबलेलं. संस्थेच्या अहवालात जूनमधल्या सगळ्यांची टक्केवारी आणि मार्चमध्ये उरलेल्यांची टक्केवारी शेजारी छापली जायची. समजा जूनमध्ये २० मुलं होती, ८ जणांना उतारा वाचता यायचा, ४० टक्के. वर्षभरात न वाचता येणारी ६ मुलं गळाली. मार्चमध्ये १४ उरली, वाचणारी तीच ८. टक्केवारी ५७. कुणी एक अक्षर नवं शिकलं नाही, आणि अहवालात १७ टक्क्यांची प्रगती!

कंपनीच्या पत्रिकेत ज्या केंद्राचा फोटो आला होता, त्याची प्रगती बरीचशी याच जातीची निघाली. तिथली दीदी कडक होती, गृहपाठ न करणाऱ्याला दारात उभं करायची. कमकुवत मुलं दिवाळीनंतर परतलीच नाहीत.

ताईंना हे सांगणं या कामातला सगळ्यात अवघड भाग होता. त्या बराच वेळ यादी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, ज्यांच्यासाठी केंद्र काढलं तीच मुलं गेली की हो." आणि लगेच, "हे साहेबांना कळलं तर संपलंच." अहवाल दोघांना एकाच दिवशी जाणार, या अटीवर सही करताना त्या सगळ्यात खूष होत्या.

मग काय मोजलं

चार महिने संस्थेने नव्या पद्धतीने नोंदी ठेवल्या. दीदी ठरलेल्या दिवशी आली का, दोन तास प्रत्यक्ष झाले का, मुलं इयत्तेप्रमाणे बसली की वाचनाच्या पातळीप्रमाणे, आणि लागोपाठ आठवडाभर न आलेल्या मुलाच्या घरी कुणी गेलं का. याहून जास्त रकाने मी होऊ दिले नाहीत. साहेबांच्या कार्यालयातून आलेल्या तक्त्यात आईचं शिक्षण, घराचं छप्पर, आधार क्रमांक असं बरंच होतं, त्याचा निर्णयाला उपयोग शून्य आणि दीदीचा अर्धा तास खलास. चाचणीचे अनेक उतारे तयार केले, आणि चाचणी घ्यायला दुसऱ्या केंद्राची दीदी जाऊ लागली. टक्केवारी काढताना जूनच्या यादीतली सगळी मुलं छेदात धरायची. गळालेलं मूल 'माहीत नाही' म्हणून दिसलंच पाहिजे.

पहिला परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला: आकडे घसरले. दीदींना वाटलं की आपल्यावर संशय घेतला. एकीने तर ताईंना विचारलं की आमचं काम मोजता, मग शाळेतल्या सरांचं कोण मोजतं? प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र कुणाच्याच मनात नव्हती. पातळीप्रमाणे गट पाडणं, म्हणजे बालसखीच्या पद्धतीचा गाभाच, निम्म्याहून जास्त केंद्रांत होतच नव्हतं. तिथे दीदी शाळेचा गृहपाठ करून घेत होत्या, कारण आया तेच मागायच्या. पाचवीतला मुलगा भागाकार उतरवून घ्यायचा आणि त्याला वजाबाकी येत नसायची. ०.२८ उसना घेतला असता तर जे काम होतच नव्हतं त्याचं श्रेय स्लाइडवर गेलं असतं.

अहवाल थोडक्या पानांचा दिला. त्यात रुपयाचं गुणोत्तर नव्हतं आणि ते का नाही, यावर एक परिच्छेद होता, सोबत तो एक्सेलचा हिशोब. साहेबांनी फोन करून विचारलं, "एकास दोन तरी लिहू शकता का? अंदाजे?" मी नाही म्हणालो. फीचा शेवटचा हप्ता बराच लांबला. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांनी तो खर्चात आधीच धरून ठेवावा.

बोर्डापुढे साहेबांनी शेवटी २० चे १४ होणारं उदाहरणच मांडलं, स्वतःच्या शब्दांत. अध्यक्ष मूळचे हिशेबतपासनीस. गळतीचा मुद्दा त्यांनी लगेच पकडला आणि उरलेल्या प्रकल्पांनाही तोच प्रश्न विचारायला लागले, अशी बातमी नंतर कानावर आली. करार तीन वर्षांऐवजी एका वर्षाचा झाला. संस्थेने दोन केंद्रं बंद करून उरलेल्यांत गृहपाठाचा वेळ शेवटच्या अर्ध्या तासावर आणला आणि गट पाडायचं दीदींचं प्रशिक्षण नव्याने घेतलं. फोटोवाल्या केंद्राची दीदी सोडून गेली.

केंद्र सोडल्यावर वर्षभराने मुलांचं वाचन टिकतं का, हे तपासायचा खर्च नव्या करारात धरावा, असं मी सुचवलं होतं. तो रकाना कंपनीने रिकामा ठेवला. ताई म्हणतात की जुन्या यादीतली जी मुलं अजून वस्तीत आहेत, त्यांच्याकडे सुट्टीत दोन दीदींना उतारे घेऊन पाठवीन, रिक्षाभाडं मी देईन.